कुत्र्याचा डोस अंदाजाने नको



आज कांदा-तुरीवर नाही, वस्तीवरच्या राखणदारावर बोलतो.

पंपाला किती मिली टाकायचं ते मी तुम्हाला नेहमी सांगतो. पण मागच्या पावसाळ्यात माझीच चूक झाली. डास चावल्याने कुत्र्याच्या हृदयात जंत होतात, असा व्हिडिओ पाहिला. घरात गाईचं आयव्हरमेक्टिन उरलेलं होतं. फुकटात काम होतंय म्हणून 5 किलोच्या पिलाला 2 मिली टोचलं. रात्री पिलू झोकांड्या खायला लागलं, लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. डॉक्टरांनी सलाईन लावून वाचवलं. दोन दिवसांत जेवढे पैसे गेले, त्यात वर्षाच्या गोळ्या आल्या असत्या.

*हिशोब बघा*
गाईच्या 1 टक्का इंजेक्शनच्या 1 मिलीत 10,000 मायक्रोग्रॅम औषध असतं. ते 50 किलो जनावराचं माप आहे. हृदयातला जंत टाळायला कुत्र्याला महिन्याला किलोमागे फक्त 6 मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे पिलाला 30 पुरे होते, मी 20,000 दिले! एवढं बारीक माप आपल्या सिरिंजवर निघतच नाही. काही जातींच्या कुत्र्यांना तर गाईच्या मापाने दिलेलं औषधही सोसत नाही.

*माझं मत*
स्वस्त म्हणजे उरलेलं औषध नव्हे. हा जंत आपल्या देशात जास्त करून ईशान्येकडे आढळतो. आपल्याकडे पैसा आधी इथे घाला:

1. रेबीजची लस दरवर्षी. यात घरच्या लेकरांचाही जीव वाचतो.
2. गोचीड आणि पोटातल्या जंतांचं औषध, कुत्र्याचं वजन करूनच.
3. पाण्याची कुंडी, पिंप, जुने टायर आठवड्यातून एकदा कोरडे करा. डास कमी, खर्च शून्य.

हृदयातल्या जंताची गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. कुत्रं मोठं असेल तर आधी रक्त तपासा, कारण ही गोळी लहान अळ्या मारते, हृदयात वाढलेले जंत नाही.

खतं-बियाणं आपण कंपनीमार्फत एकत्र घेतो, मग कुत्र्यांच्या लसी-गोळ्या का नाही? डॉक्टरांना एक दिवस गोदामावर बोलवावं, असं मी बैठकीत मांडणार आहे. तुमच्याकडे कुत्री किती आणि अंदाजे वजन किती, ते या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. आकडा हातात असला की बोलायला जोर येतो.

रात्रभर जागून तो आपलं रान राखतो. त्याच्या औषधाचं माप तरी नीट घेऊ.