डुकरांची लस आणि भातशेतीतील मेंदूज्वर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे गाव कावेरीच्या पाण्याने भिजणाऱ्या भातशेतीच्या मधोमध वसलेले आहे. पाणी साचलेली खाचरे म्हणजे क्यूलेक्स जातीच्या डासांचे माहेरघर. आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू पसरतात ते याच डासांच्या द्वारे. भारतात या रोगाचे मानवी रुग्ण प्रथम ओळखले गेले तेही तामिळ प्रदेशातच, वेल्लोर येथे, १९५५ साली.

हे विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वास करतात. डुकराच्या शरीरात मात्र त्यांची अतोनात वाढ होते. डुक्कर बहुधा आजारी दिसतही नाही. गाभण मादीची पिल्ले तेवढी मृत जन्मतात. तथापि काही दिवस त्याच्या रक्तात इतके विषाणू असतात की, चावणारा डास ते घेऊनच पुढे जातो. तेव्हा डुकरांनाच लस टोचावी म्हणजे साखळी तुटेल, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे. जपानात पैदाशीच्या माद्यांना डासांच्या हंगामापूर्वी लस देतात व त्यांची पिल्ले वाचतात.

परंतु पिल्ले वाचविणे निराळे आणि प्रसार थांबविणे निराळे. मांसासाठी पाळलेले डुक्कर सहसा वर्षभरही जगत नाही. त्यामुळे कळपात नव्या, अरक्षित पिल्लांची भर सतत पडत राहते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लात काही महिने टिकतात व तोवर टोचलेली सजीव लस निष्प्रभ करतात. ती ओसरेपर्यंत थांबावे, तर डास आधीच गाठण्याचे भय. शिवाय गावातील मोकाट डुकरे दरवर्षी धरून टोचणार कोण? आणि इतके करूनही बगळे उरतातच.

म्हणून माझ्या मते लसीचा पैसा व श्रम प्रथम मुलांकडे वळविले पाहिजेत. माणसाच्या रक्तात हे विषाणू इतके अल्प असतात की, त्याच्यापासून डासाला लागण होत नाही. याचा एक परिणाम ध्यानात घेतला जात नाही. गोवराच्या बाबतीत शेजारच्या मुलांना टोचलेल्या लसीचा आडोसा न टोचलेल्या मुलासही मिळतो. येथे तो मिळत नाही. गावातील ९९ मुलांना लस दिली तरी शंभराव्याचा धोका पूर्वीइतकाच राहतो. लागण झालेल्या सुमारे २५० जणांत एकालाच तीव्र आजार होतो, हे खरे. पण अशा रुग्णांपैकी शेकडा ३० पर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या मेंदूस कायमची इजा होते.

गोरखपूर भागातील २००५ च्या साथीनंतर, २००६ पासून, भारतात रोगग्रस्त जिल्ह्यांतील मुलांना लस देण्यास आरंभ झाला. तेथे एकही मूल वगळले जाता कामा नये. डुकरांचे वाडे वस्तीपासून दूर न्यावेत, हे त्याच्या जोडीला करावयाचे काम होय, त्याऐवजी नव्हे.