२६ जूनची शपथ आणि त्यानंतर

२६ जून हा दिवस आमच्या निवासी शाळेत दोनदा साजरा होतो. सकाळी राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजेच सामाजिक न्याय दिन. आणि दुपारी अमली पदार्थविरोधी दिनाची शपथ. परिपत्रक येते, मुले हात पुढे करून शपथ घेतात, आम्ही छायाचित्रे वर पाठवतो. जिथे दिवस त्रिशरण-पंचशीलाने उजाडतो, तिथे आणखी एका शपथेने काही बिघडत नाही. परंतु स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेतली तेव्हा, ही शपथ आमच्यासमोर तीनदा घेतलेला एक विद्यार्थी आठवला.

तो नववीत होता. पंक्चरचे सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगताना वसतिगृहामागे सापडला. बैठक झाली, आणि इतर मुलांवर परिणाम होईल या कारणास्तव त्याला शाळा सोडल्याचा दाखला देण्यात आला. ठरावावर आमचीही सही आहे. अंगुलिमालाला संघात घेणाऱ्या तथागतांची प्रतिमा ज्या सभागृहात आहे, त्याच सभागृहात तो ठराव झाला. वडील ऊसतोडीला गेलेले. आठ दिवसांनी आले. एवढेच म्हणाले, "गुरुजी, गावात बिघडू नये म्हणूनच तर तुमच्याकडं ठेवला होता."

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व द्रव्ये यांवरील बंदीसाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. (दारूच्या महसुलाचा प्रश्न मात्र जुनाच आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० साली दारूच्या नव्या दुकानांना विरोध केला होता, हे इतिहासाच्या तासाला आम्ही सांगतो.)

शासनाच्याच आकड्यांकडे पाहू. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. इतर सर्व नशांत प्रौढांचे प्रमाण अधिक. हुंगण्याच्या द्रव्यांत तेवढे उलटे. प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के. म्हणजे आमचा विद्यार्थी अपवाद नव्हता. त्याच सर्वेक्षणानुसार अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकाला, आणि दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला, कसलातरी उपचार मिळतो. किती मुलांनी शपथ घेतली, हा आकडा आमच्याकडून दरवर्षी मागवला जातो. किती मुलांना उपचार मिळाला, हे आजवर कोणी विचारलेले नाही. आणि विचारले असते तर आम्ही काय उत्तर दिले असते?

ज्या कायद्याचा एवढा धाक, त्यातच कलम ६४-क आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिच्यावर खटला चालत नाही. आणि सोल्युशनची ट्यूब तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. सरकारने जी शिक्षा त्या मुलाला दिली नसती, ती आम्ही दिली.

त्यानंतर वडिलांनी त्याला जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेले. तिथे चाळिशीतल्या दारुड्यांच्या शेजारची खाट मिळाली. चौथ्या दिवशी तो निघून आला. मुलांसाठी वेगळी व्यवस्था, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडून निवासी शाळांना नियमित भेट, आणि उपचार घेणाऱ्या मुलाचे नाव पटावर कायम, एवढे शासनाने केले तर एखादी शपथ कमी झाली तरी चालेल. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली. मुलांना आधी निवारा दिला.

मात्र सारे शासनावर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही. घरातले व्यसन आपल्या वस्तीत लपवले जाते. पाचवे शील मोडल्याची लाज उपचाराच्या आड येते. पालकांनी ते आमच्यापासून लपवू नये. १४४४६ हा शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक आता वसतिगृहाच्या दूरध्वनीशेजारी लावला आहे. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, समाजकार्याचे पदवीधर आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांनी या वसतिगृहाला द्यावा.

तो मुलगा आता वडिलांबरोबर उसाच्या फडावर असतो. त्याच्याविषयीचा ठराव रद्द करून त्याला दहावीस बसवावे, असे पत्र आम्ही संस्थेला दिले आहे.