नवा गडी, जुनी उधारी

पटावरून

शुक्रवारी रात्री साडेदहाला सेव्ह फाइल माझ्याकडे आली. सोबत नाशिककराचा एवढाच निरोप: ‘मॉन्टेझुमाची चार शहरं घेतली. आता तो उठत नाही. मजा कर!’

फाइल उघडली. नकाशा पाहून ऊर भरून आला. मागच्या खेपेला मी सोडलं तेव्हा आमचं राज्य दिल्ली आणि मुंबईच्या अवतीभवती घुटमळत होतं. आता ते पार दक्षिणेच्या समुद्राला टेकलेलं. मग सवयीने एफ-2 दाबलं. हे जमाखर्चाचं पान. खजिन्यात 52 गोल्ड, संशोधन 40 टक्क्यांवर आणि दर टर्नला 17 ची तूट. म्हणजे तीन टर्न, की खडखडाट. स्लायडर ओढत ओढत शून्यावर आणला. तरीही उणे 3. शाळा, ग्रंथ, विद्या सगळं बंद करून बसलो तरी घर तोट्यातच.

आम्ही पाच जण कॉलेजच्या हॉस्टेलवर एका कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून ‘सिव्हिलायझेशन’ खेळायचो. आता एक नाशिकला, एक कोल्हापूरला, एक दुबईत, एक टोरांटोत आणि मी पुण्यात. एकत्र बसणं जमत नाही, म्हणून आम्ही सक्सेशन गेम खेळतो. एकच राज्य, एकच सेव्ह फाइल, पाच राजे. प्रत्येकाने दहा टर्न खेळायच्या, काय केलं ते लिहायचं आणि फाइल पुढच्याच्या हवाली करायची. खेळ जुनाच: 2005 मध्ये आलेला ‘सिव्हिलायझेशन 4’, त्यावर 2007 चं ‘बियॉन्ड द स्वोर्ड’. आमचा राजा अशोक, कॉम्प्युटरच्या हातातला शत्रू मॉन्टेझुमा, अवघडपणाची पातळी मोनार्क. लहानपणी खेळताना आपण म्हणायचो, नवा गडी, नवं राज्य. इथे गडी नवा असतो, पण राज्य जुनंच, आणि उधारीही जुनीच.

या खेळात राज्य का बुडतं, ते आधी सांगायला हवं. पूर्वीच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये जमेल तिथे, जमेल तेवढी शहरं ठोकत सुटणं हाच हुकमी डाव होता. चौथ्या भागाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. त्याच्या या भागात त्या डावाला वेसण आहे. प्रत्येक शहराला देखभालीचा खर्च लागतो. राजधानीपासून शहर जितकं लांब तितका खर्च जास्त, आणि शहरांची एकूण संख्या वाढली की आधीच्या सगळ्या शहरांचाही वाढतो. म्हणजे बारावं शहर वसलं की पहिल्या अकरांचंही बिल चढतं. वर लष्कराचा पगार, राज्यव्यवस्थेचा खर्च, महागाई. सैन्य सरहद्दीबाहेर असेल तर रसद वेगळी. लष्कराच्या भाकऱ्या इथे अक्षरशः भाजाव्या लागतात. आणि खजिना शून्याखाली गेला की सैन्य संपावर जातं, तुकड्या एकामागून एक आपोआप विसर्जित होतात. शत्रूला काही करावंच लागत नाही.

मग नाशिककराला हे दिसलं नाही का? तो काही नवशिका नाही. त्याची वही मी नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्याच्या दहा टर्नमध्ये ती खोटं बोलत नव्हती, फक्त अर्धवट बोलत होती. शहर जिंकलं की त्याच क्षणी लुटीचं गोल्ड खजिन्यात पडतं. त्या शहरात मात्र काही टर्न बंडाळी असते. त्या काळात ते काही पिकवत नाही, पण गंमत अशी की त्याचा स्वतःचा देखभालखर्चही वहीत चढत नाही. बंड मिटलं, लोक कामाला लागले की मग तो चढतो. म्हणजे लूट आज आणि बिल पाच-सात टर्नांनी. चार शहरांपैकी दोन मी फाइल उघडली तेव्हाही धुमसत होती. दिवाळी त्याने केली, दिवाळं माझ्या पाळीत निघणार होतं. आणि यात त्याने कसलीही लबाडी केलेली नव्हती.

एकट्याने खेळताना हा प्रश्न येत नाही. आज लुटलं ते उद्या मलाच फेडायचं आहे, हे माहीत असतं. पण दहा टर्नचा राजा दहा टर्नांचाच हिशोब करतो. त्याच्या पाळीत युद्ध जिंकलं, नवी विद्या आली, एखादं आश्चर्य बांधून झालं, तर ते त्याच्या नावावर लागतं. त्याने जे अर्धवट सोडलं, त्याला कोणाचंच नाव नसतं.

मी काय केलं? आधी सैन्य मागे घेतलं. सरहद्दीबाहेर उभ्या असलेल्या सहा तुकड्या आत आणल्या, जुने लाठीवाले योद्धे घरी पाठवले. मग मालीच्या मन्सा मुसाचं दार ठोठावलं. हा खेळातला मोठा व्यवहारी गडी; विद्येच्या बदल्यात विद्या द्यायला तो सहसा नाही म्हणत नाही. आमच्याकडच्या दोन जुन्या विद्या देऊन करन्सी घेतली. करन्सी आली की प्रत्येक शहराला एक जादा व्यापारी मार्ग मिळतो. आमची शहरं अकरा, त्यामुळे एका टर्नमध्ये वही लाल शाईतून बाहेर आली. शिवाय करन्सीनंतर विद्या रोखीत विकता येते. दोन शेजाऱ्यांना एकेक विकली आणि 90 गोल्ड गाठीला बांधलं.

मग न्यायालयं. न्यायालय बांधलं की त्या शहराचा देखभालखर्च निम्मा होतो. किंमत 120 हातोडे (खेळातलं बांधकामाचं माप), पण अशोक ‘ऑर्गनाइज्ड’ राजा असल्याने त्याला ती निम्म्या कष्टात पडतात. तरी सगळीकडे बांधायची नसतात. राजधानीशेजारच्या शहराचा खर्चच दोन असेल तर एक गोल्ड वाचवायला एवढे हातोडे कशाला? दक्षिणेच्या टोकाची दोन शहरं मात्र सातेक गोल्ड खात होती. तिथे गुलामगिरीची व्यवस्था वापरून, प्रत्येकी दोन लोकसंख्या खर्ची घालून, एका फटक्यात न्यायालयं उभी केली. ज्या राजाने कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला, त्याच्याच नावाने आम्ही शहरं लुटत होतो आणि प्रजेला फटके मारून न्यायालयं बांधत होतो. खेळाला इतिहासाची लाज नसते.

संशोधन मी दहाही टर्न शून्यावर ठेवलं. ग्रंथालयात बसवलेले शास्त्रज्ञ, प्रत्येकी तीन बीकर (खेळातलं संशोधनाचं माप), तेवढंच चालू. अनेकांना हे पटत नाही. स्लायडर खाली गेला की राज्य मागास पडलं, असं त्यांना वाटतं. पण टक्के बघायचे नसतात, बीकर बघायचे असतात. चार शहरांच्या राज्याचे शंभर टक्के आणि बारा शहरांच्या राज्याचे तीस टक्के सारखेच भरू शकतात. आणि ग्रंथालयं अजून बांधून व्हायची असतील, तर तोवर गोल्ड साठवावं. ती झाली की शंभर टक्क्यांवर उधळावं. ग्रंथालय संशोधनात पंचवीस टक्क्यांची भर घालतं, त्यामुळे आज हात आखडलेला उद्या जास्त देतो.

टर्न 130 ला मी फाइल दुबईकराला दिली. खजिन्यात दोनशेच्या वर गोल्ड, ग्रंथालयं तयार आणि माझ्या पाळीत स्वतः शोधलेली एकही नवी विद्या नाही. त्याने स्लायडर थेट शंभरवर नेला आणि पाचव्याच टर्नला नवी विद्या पदरात पाडली. ग्रुपवर टाळ्या त्याला. मला टोरांटोहून एक ओळ: ‘तू झोपला होतास का रे?’

मला राग आला नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्या रात्री ज्या गोष्टीचा विचार करत बसलो, ती टाळ्यांची नव्हती. ती कॉटेजची होती.

कॉटेज म्हणजे शहराच्या शिवारात बांधायची साधी वस्ती. सुरुवातीला ती एकच व्यापार देते. शेत जास्त धान्य देतं, खाण जास्त हातोडे देते, त्यापुढे कॉटेज अगदी दरिद्री. पण दहा टर्नांनी तिची वाडी होते, आणखी वीस टर्नांनी खेडं, त्यानंतर चाळीस टर्नांनी गाव. एकूण सत्तर टर्न. गावाचे चार व्यापार, पुढच्या विद्या आणि व्यवस्था आल्या की आणखी जास्त. बुडत्या राज्याचा कायमचा इलाज हाच. बाकी सगळी मलमपट्टी. फक्त एक अट आहे. कॉटेज नुसती बांधून वाढत नाही. शहरातला एक माणूस रोज तिथे कामाला असावा लागतो. त्याला उचलून खाणीवर नेलं की वाढ त्या टर्नला थांबली.

आता हिशोब करा. सत्तर टर्न म्हणजे सात पाळ्या. मी टर्न 123 ला नदीकाठी तीन कॉटेज बांधली. एकही टर्न माणूस हलला नाही, तर टर्न 193 ला ती गावं होणार. तेव्हा फाइल कोल्हापूरकराकडे असेल. मधल्या प्रत्येकाला कधी ना कधी हातोड्यांची गरज पडणार: कोणाला सैन्य हवं असेल, कोणाला पिरॅमिड. त्या एका टर्नचा मोह प्रत्येकाने टाळला तरच गाव. एकट्याच्या खेळात कॉटेज बांधणं ही दूरदृष्टी. सामायिक खेळात ती विनंती आहे, आणि तीही अशा माणसाला, जो अजून पाळीवर आलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सक्सेशन गेममध्ये कोणाची पाळी कशी गेली हे शिलकीवरून ठरवू नये. नाशिककराने 52 सोडले, मी दोनशेवर सोडले. पण तेवढ्याने मी शहाणा आणि तो उधळ्या ठरत नाही. चार शहरं ही कायमची मिळकत आहे, आणि मी साठवलेलं गोल्ड वेळेवर खर्च झालं नाही तर ते मेलेलं धन. बघायचं ते चिठ्ठीत. ‘मजा कर’ ही चिठ्ठी नव्हे. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: आज दिसत नाही पण येणार आहे असा खर्च कोणता; अर्धवट वाढलेलं काय आहे आणि ते कशाने मोडेल; आणि मी हे का केलं. जुन्या वहीत पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहून आकडा चढवत. आकड्यासोबत कारणही चढवायला हवं.

काही जण म्हणतात, खेळात हा मुनीमजीपणा कशाला? रचनाकारांनाही बहुधा तसं वाटलं असावं. 2010 च्या पाचव्या भागात स्लायडर काढून टाकला आणि राज्य फार पसरू नये म्हणून प्रजेच्या खुशीचा लगाम लावला. तो खेळही चांगला आहे. पण पाच जणांत वाटून खेळायला मला चौथाच आवडतो, कारण त्यात आदल्या माणसाने काय मनात धरलं होतं, ते स्लायडरवर आणि शिवारात दिसतं.

माझी आई बावीस वर्षं भिशी चालवत होती. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघायची, तिच्याकडे सगळी रक्कम जायची, आणि पुढचे अकरा महिने ती बाई निमूट हप्ता भरायची. मी एकदा विचारलं, पैसे मिळाल्यावर कोणी पळून कसं जात नाही? आई म्हणाली, ‘अरे, पुढच्या महिन्यात त्याच चटईवर येऊन बसायचंय ना तिला!’ सक्सेशन गेमही त्याच चटईवर उभा आहे. पाच जणांची पाळी असली की चाळीस टर्नांनी फाइल परत तुमच्याकडे येते. आपण केलेला पसारा आपल्याच दारात परत येतो. फक्त मधे चार जणांचे हात त्याला लागलेले असतात.

तशी ती टर्न 161 ला नाशिककराकडे परत गेली. मी धास्तावूनच होतो. त्याने काय करावं? मॉन्टेझुमाची उरलेली दोन शहरंही घेतली. माणूस बदलत नाही. टर्न 170 ला फाइल माझ्याकडे आली, तेव्हा मी नकाशा पाहिलाच नाही, आधी चिठ्ठी वाचली. ती या वेळी अकरा ओळींची होती. शेवटच्या तीन अशा: ‘दोन्ही शहरांत बंडाळी आहे, टर्न 174 ला मिटेल. त्यानंतर दर टर्नला साधारण 9 गोल्ड जादा जाईल, म्हणून लुटीतलं 120 हात न लावता ठेवलंय. नदीकाठची तुझी तीन खेडी झालीत, माणसं हलवली नाहीत.’

मग एफ-2 दाबलं. आकडे जुळत होते.

— प्यादं