हसतमुख मुलगी पाहिजे, कामगार नको!

"वकिलांच्या ऑफिससाठी रिसेप्शनिस्ट पाहिजे. फक्त मुली. हसतमुख, स्मार्ट. पगार मुलाखतीत." अशा जाहिराती आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्यात कामाचे तास नसतात, रजा नसते, नेमणूकपत्राचा शब्द नसतो. चेहऱ्याची अट मात्र न चुकता असते!

प्रत्यक्षात ही मुलगी काय करते? नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात पेठ-सुरगाण्याहून एसटीने पक्षकार येतात. वकीलसाहेब कोर्टात असतात, ऑफिसात असते ती. पुढची तारीख कधी, वकीलपत्रावर सही राहिली का, नकलेचा अर्ज झाला का, सारे तिलाच विचारले जाते. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई पोटगीसाठी येते, तेव्हा आधी तिच्यापुढेच रडते. कोणते कागद आणायचे हेही तीच समजावते. तारीख लांबली की शिव्या खायच्या तिनेच. कोर्ट सुटल्यावर ऑफिस खरे भरते, म्हणून संध्याकाळी घरी जायची वेळ ठरलेली नाही. वर चहा करणे, कपबशा धुणे 'बाईमाणूस म्हणून'!

आणि कायदा काय म्हणतो? 1962 साली मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मागणी बोनसची होती. न्यायालयाने म्हटले, पत्र टाइप करणाऱ्या कारकुनाच्या कामाचा सॉलिसिटरच्या सल्ल्याशी थेट संबंध नाही. म्हणजे बुद्धी साहेबांची, बाकीचे नुसते हात! 1978 साली सात न्यायाधीशांच्या पीठाने हा विचार मोडीत काढला, पण एखाद्या मदतनीसासह काम करणाऱ्या एकट्या वकिलाला सूट राहिली. पुढे 1984 साली केरळच्या दुकाने कायद्याखालील खटल्यात, वकिलाचे ऑफिस ही व्यापारी आस्थापना नव्हे, असा निकाल झाला.

उरलेले काम डोकी मोजण्याने केले. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा कामगारांची अट घातली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. प्रसूती रजेचा हक्कही दहापासून. मग एक वकील, दोन ज्युनियर, एक कारकून आणि एक मुलगी असलेल्या ऑफिसात तिने बाळंतपण करायचे की नोकरी?

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मात्र तिला वाऱ्यावर सोडत नाही. दहापेक्षा कमी माणसे असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. पण ज्याच्या टेबलावर कायद्याची पुस्तके आहेत, ज्याच्या ओळखी सगळ्या कोर्टात आहेत, त्याच्याविरुद्ध लिहायला ती धजेल कशी? एकटी नाहीच धजणार. म्हणूनच संघटना लागते.

'घरच्यासारखे वातावरण आहे' हे आता पुरे. घरात बाईला पगार नसतो, सुट्टी नसते, हे आपल्याला चांगलेच माहीत आहे! आमच्या मागण्या साध्या आहेत: प्रत्येकीला नेमणूकपत्र, ठरलेले तास, जादा वेळेचे पैसे, पगारी रजा, प्रसूती रजा. वकील संघाने आपल्या सभासदांसाठी हे नियम स्वतः करावेत. स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन कोर्टाच्या आवारात ठळक लावावा.

आणि मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याही दारातला आहे. पीडित बाईला घेऊन आपण ज्या वकिलांकडे जातो, त्यांतले कित्येक चळवळीचे मित्र आहेत. त्यांच्या ऑफिसात बाहेर बसणाऱ्या मुलीचे नाव तरी आपल्याला माहीत आहे का? पुढच्या खेपेला तिला विचारा, नेमणूकपत्र मिळाले का? आणि तोच प्रश्न आत जाऊन वकीलसाहेबांनाही विचारा.