आभाळाला दोष देण्यापूर्वी

पावसाचा लहरीपणा वाढला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. महिन्याचा पाऊस आता एका रात्रीत कोसळतो आणि मग आठवडेच्या आठवडे आभाळ कोरडे राहते. परंतु पुण्याच्या पाण्याचे सारे पाप हवामानबदलाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुगला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून गरिबांचे बळी गेले. पाऊस आभाळाने पाडला. पण ओढ्याचे पात्र कोणी आवळले? ज्या कात्रजचे पाणी पेशवाईत नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले गेले, त्याच कात्रजच्या पाण्याला आज वाहून जाण्यासही वाट उरलेली नाही!

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवितात. ते शहराचे, तसेच दौंड-इंदापूरच्या शेतीचेही. तरीही २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि इकडे पिण्याच्या पाण्याने मोटारी धुतल्या जातात. आमच्या आवारातील बागाही यातून सुटत नाहीत.

आमचे म्हणणे सरळ आहे. ओढे मोकळे करा. पण काठच्या कुटुंबांना आधी घर द्या. गळती थांबवा. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरा. पावसाळ्यात प्रथम बुडणारा आणि उन्हाळ्यात शेवटी पाणी भरणारा माणूस एकच आहे. त्याचे ओझे हलके न करणारी योजना आमच्या लेखी योजनाच नव्हे.