शाखा निवडण्याआधी गाडीतळावर या

अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की नगर जिल्ह्यातल्या घराघरांत एकाच शाखेचा जप सुरू होतो : कॉम्प्युटर. 2024-25 पासून ‘एआयसीटीई’ या तंत्रशिक्षण परिषदेने शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि या जपाला आणखी बळ मिळाले. अशा वेळी एखाद्या मुलीने ‘इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग घेऊ का?’ असे विचारले, तर मामा-काकांचे उत्तर ठरलेले असते : ‘म्हणजे मेकॅनिकलच ना गं? मग मेकॅनिकलच घे की!’

मामांचे चुकते ते इथेच. मेकॅनिकलवाला यंत्र घडवतो. इंडस्ट्रियलवाला यंत्र, माणूस, माल आणि वेळ यांचा मेळ बसवतो. काम कुठे तुंबले, माल कुठे पडून राहिला, माणूस कशासाठी ताटकळला, हे मोजून दाखवणे आणि ते सुधारणे हा त्याचा धंदा. हे समजायला जपानच्या टोयोटापर्यंत जायला नको. गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या गाडीतळावर जावे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक नंबर लावून उभे. तोडलेला ऊस जितका वाळेल तितकी त्यातली साखर घटते, उतारा उतरतो. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, तर उताऱ्यालाच बांधलेला; सध्याचा पायाभूत उतारा 10.25 टक्के. म्हणजे रांगेतल्या तासांची किंमत अखेर शेतकऱ्याच्या बिलातून जाते. शिवाय गाडी रिकामी होईपर्यंत तोडणी टोळीची जी रात्र थंडीत जाते, तिचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. फडात तोड किती द्यायची, गाड्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, काट्यावर आणि गव्हाणीवर किती वेळ लागतो, ही सगळी गणिते या शाखेच्या अभ्यासक्रमातली आहेत.

गंमत अशी की, या जिल्ह्यातली इंजिनीअरिंग महाविद्यालये उसाच्याच सावलीत वाढली. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ 1950 मध्ये प्रवरानगरला रोवली गेली. 1983 साली वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे महाविद्यालये उभी राहिली. कारखाना आणि वर्ग एवढे शेजारी असूनही गाडीतळाचा प्रश्न फळ्यावर किती वेळा आला, हे त्यांनीच सांगावे.

तरीही त्या मुलीला डोळे झाकून ‘घे’ म्हणता येणार नाही. या नावाची पदवी राज्यात मोजक्याच ठिकाणी मिळते. पवईला 1963 साली खास याच विषयासाठी काढलेली ‘नीटी’सुद्धा 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. नोकरीच्या जाहिरातीतही शाखेचे नाव क्वचितच दिसते. काम प्रॉडक्शन प्लॅनिंग, क्वालिटी, स्टोअर्स, लॉजिस्टिक्स अशा पाट्यांखाली असते. आणि स्टॉपवॉच घेऊन मशीनशेजारी उभा राहणारा साहेब कामगाराला कधीच आवडलेला नाही. त्याच्याशी बोलता येत नसेल, त्याचे ऐकून घेता येत नसेल, तर नुसत्या आकडेमोडीवर या शाखेत निभाव लागत नाही.

आमचे मत सरळ आहे. कटऑफ खाली आला म्हणून ही शाखा घेऊ नये. कामातली अडचण हुडकायची खोड असेल तर मात्र जरूर घ्यावी. जवळपास मिळाली नाही तर मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनची पदवी घेऊन पुढे एम.टेक.ला हाच विषय धरावा. पसंतीक्रम भरण्याआधी नगरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात ओळखीने का होईना, एक अख्खी पाळी उभे राहून पाहावे.

महाविद्यालयांनाही एक विनंती. येत्या हंगामात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घड्याळ आणि वही देऊन शेजारच्या गाडीतळावर पाठवा, आणि त्यांचा अहवाल कारखान्याच्या संचालक मंडळाच्या बैठकीत वाचायला लावा.