शंभर टक्के निकाल : कोणाला वगळून?

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत कनिष्ठ महाविद्यालयांचे फलक झळकतात : 'बारावीचा निकाल १०० टक्के!' आमचे पालक तो आकडा पाहून अकरावीचा पसंतीक्रम भरतात. आमचा सवाल असा, की हे शंभर टक्के कोणाचे?

निकालाची टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांवर. अकरावीला किती आले होते, याचा हिशेब त्यात नसतो. समजा, १०० मुले आली. २० जणांना अकरावीतच नापास केले, २० जणांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावले. उरलेली ६० पास झाली. फलकावर १०० टक्के, प्रत्यक्षात ६०! गळालेली ४० मुले कोणत्या वस्त्यांतली, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

तेव्हा तीन आकडे मागा. दोन वर्षांपूर्वी अकरावीला किती होते? त्यांतले बारावीला किती बसले? आपल्या मुलाला हव्या त्या विषयात किती उत्तीर्ण झाले? अनुदानित महाविद्यालय टाळाटाळ करीत असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून मूल दहावीत असतानाच अर्ज टाका. उत्तरे आली की विहाराच्या फळ्यावर लावा. एकाच्या अर्जाचा उपयोग साऱ्या वस्तीला होईल.

शेवटच्या बाकावरचे मूल बारावी पार झाले की नाही, यावरच संस्थेची परीक्षा घ्या.